इटलीतल्या रणभूमी आणि वॉर सिमेट्री: खासगी गाइडसोबतची सहल, काही महिन्यांनंतर

कासिनो, मोंटोने आणि सांग्रो ही दुसऱ्या महायुद्धातली ठिकाणं आम्ही खासगी गाइड आणि गाडी ठरवून पाहिली, त्याला आता बरेच महिने झाले. परत आल्या आल्या लिहायला बसले असते तर सगळंच भारावून लिहिलं गेलं असतं. आता पैसे कुठे सार्थकी लागले आणि कुठे नाही, हे जरा स्वच्छ दिसतंय.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. तयार पॅकेज घेऊ नका, नावं घेऊन जा. कंपनीने पहिल्यांदा पाठवलेल्या आराखड्यात नेटुनोची अमेरिकन दफनभूमी, मोंते कासिनोचा मठ, पोलिश दफनभूमी आणि एका वाइनरीत लांबलचक जेवण होतं. भारतीय सैन्याचा उल्लेख एका ओळीतही नव्हता. इटलीच्या मोहिमेत पन्नास हजारांवर भारतीय सैनिक लढले, त्यातले 5,782 परत आले नाहीत. या मोहिमेतल्या 20 व्हिक्टोरिया क्रॉसपैकी (ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक) 6 भारतीयांचे. मी कंपनीला एवढंच कळवलं, की त्या सहांपैकी एक, नाईक यशवंत घाडगे, पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री, यांचं नाव जिथे कोरलंय तिथे आणि ते पडले त्या भागात आम्हाला जायचंय. त्यावर आलेला नवा आराखडा पूर्ण वेगळा होता, आणि गाइडही वेगळा दिला. वाइनरी गेली याचं मला काडीचं दुःख नाही.

कासिनोला गाइडने आम्हाला थेट मठात नेलं नाही. आधी पॉइंट 593 या टेकडीवर, जिथे आज पोलिश सैनिकांचा स्मारकस्तंभ आहे. तिथून मठ इतका जवळ दिसतो की हाकेच्या अंतरावर वाटावा. मग त्याने नकाशा दगडावर पसरला आणि 15 फेब्रुवारी 1944 समजावून सांगितला. सकाळी मित्रराष्ट्रांच्या विमानांनी बॉम्बफेक केली, मठ उद्ध्वस्त झाला, आत आसऱ्याला आलेले नागरिक मारले गेले. पण चौथ्या इंडियन डिव्हिजनची हल्ल्याची तयारी अजून व्हायची होती. त्या रात्री याच डिव्हिजनमधल्या रॉयल ससेक्स या ब्रिटिश पलटणीची फक्त एक कंपनी पुढे गेली आणि निम्मी कापली गेली. दोन रात्रींनंतर राजपुताना रायफल्स आणि गुरखे चढले. तोवर जर्मन पॅराट्रूपर्सनी त्याच ढिगाऱ्यात मोर्चे बांधले होते, त्यामुळे बॉम्बफेकीने उलट त्यांचीच सोय झाली. हे सगळं वाचून माहीत होतं, पण ती उघडी, खडकाळ धार पायाखाली आल्यावरच कळतं की इथे आडोशाला काहीही नाही. मठाखालचा हँगमन्स हिल त्याने बोटाने दाखवला. मार्चमध्ये 1/9 गुरखा (नवव्या गुरखा रायफल्सची पहिली बटालियन) आठवडाभराहून जास्त काळ तिथे अडकून होते, विमानांतून टाकलेल्या रसदीवर तगून. मठ शेवटी 18 मे रोजी पोलिश सैन्याने घेतला.

कासिनो वॉर सिमेट्रीत चार हजारांहून जास्त कबरी आहेत, सगळ्यांचे दगड एकाच मापाचे, हुद्दा कोणताही असो. ज्यांची कबरच नाही त्यांची नावं मधल्या पाण्याच्या हौदाच्या दोन्ही बाजूंना हिरव्या संगमरवराच्या उंच फळ्यांवर आहेत. नावं आधी रेजिमेंटप्रमाणे, मग हुद्द्याप्रमाणे, मग आडनावाप्रमाणे लावलेली. गाइडने फळीचा नंबर आधीच टिपून ठेवला होता, म्हणून शोधाशोध झाली नाही. घाडगे सापडले. त्यांच्या आसपास ओळखीची आडनावं, इंग्रजी स्पेलिंगमध्ये मोडतोड झालेली. गाइड म्हणाला, तुम्ही वाचा, मला उच्चार जमत नाहीत. आम्ही ती मोठ्याने वाचली. गाइड टोपी हातात घेऊन शेवटपर्यंत उभा राहिला.

मोंटोने हे टायबरच्या वरच्या खोऱ्यातलं डोंगरावरचं लहानसं गाव. घाडगे 10 जुलै 1944 रोजी याच भागात पडले, वय 22. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले, म्हणजे छोट्या तुकडीतले, बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले, तेव्हा ते एकटे धावून गेले. ग्रेनेडने मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं. मग लपलेल्या शत्रूच्या गोळीने ते पडले. 2023 मध्ये गावाने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. माणगाव तालुक्यातल्या पोराचं नाव इटलीतल्या एका गावाने जपलंय, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पटत नाही.

सांग्रो नदीजवळच्या वॉर सिमेट्रीत मात्र निराशा झाली. हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन होत असे, म्हणून तिथे दहनस्मारक आहे, त्यावर पाचशेहून जास्त भारतीय नावं. यावर बोलायला गाइडकडे फारसं नव्हतं, आणि ड्रायव्हरचे तास संपत आल्यामुळे घाईही झाली. फोर्लीच्या इंडियन आर्मी वॉर सिमेट्रीचा टप्पा कंपनीने ऐन वेळी अंतराचं कारण सांगून गाळला. त्याचे पैसे परत मिळायला कितीतरी महिने मेल करावे लागले. बुकिंग करतानाच गाळलेल्या टप्प्याचं काय, हे लेखी घ्या.

तरीही पुन्हा घेईन का? हो, याच पद्धतीने. सिमेट्रीत जायला तिकीट लागत नाही आणि कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर नाव शोधणंही फुकट आहे. पैसे मोजायचे ते गाइडच्या नकाशासाठी आणि रणभूमीवरच्या त्या तासांसाठी. गाइडने खुणा करून दिलेला नकाशा मी अजून वापरते. त्यावर सेनिओ नदी नाही, ती मी स्वतः आखून घेतली. तिथे 9 एप्रिल 1945 रोजी शिपाई नामदेव जाधव, सहा व्हिक्टोरिया क्रॉसपैकी आणखी एक मानकरी, यांनी दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून आणि सुरुंगांतून मागे आणलं, मग एकट्याने मशीनगनची तीन ठाणी बंद पाडली. पुढची सहल फोर्लीहून सुरू करून त्या नदीच्या बांधावर न्यायची, असं नव्या गाइडला लिहून झालंय.