एक्स-रेत गोल डाग निघाला: थांबायचं, सुई टोचायची की काढूनच टाकायचं?

चाकणच्या कंपनीत वार्षिक तपासणी होते, छातीच्या एक्स-रेवर गोल डाग निघतो आणि डॉक्टर काही बोलायच्या आत घरात कॅन्सरची कुजबुज सुरू होते. पण असा डाग कधी कधी द्रवाने भरलेली साधी गाठ, म्हणजे सिस्ट असते. श्वासनळीच्या पेशींपासून बनलेली जन्मजात ब्रॉन्कोजेनिक सिस्ट त्यातलीच. आतला द्रव दाट झाला की साध्या सीटीवर ती भरीव दिसते आणि रिपोर्टात 'मास', म्हणजे गोळा, असं छापून येतं.

सगळ्यात स्वस्त तपासणी माळ्यावर असते. नोकरीला लागतानाची जुनी फिल्म शोधा. तोच डाग तेव्हाही तेवढाच असेल तर अर्धं काम झालं.

मग कॉन्ट्रास्ट सीटी. शिरेतून औषध दिल्यावर ट्यूमर बहुधा उजळतो, सिस्टच्या आतला भाग उजळत नाही. घनता ० ते २० हाउन्सफिल्ड (सीटीवरचं घनतेचं माप), म्हणजे पाण्याच्या आसपास असेल तर उत्तमच. जास्त असली तरी सिस्ट नाहीच असं नव्हे. तिथे एमआरआय कामी येतो. त्यातल्या टी-टू नावाच्या चित्रात द्रव पांढराशुभ्र दिसतो. 'एकदाचा पेट स्कॅनच करून टाकू' हा आग्रह मला पटत नाही. खर्च मोठा, आणि टीबीची गाठ किंवा पिकलेली सिस्टही त्यावर कॅन्सरसारखी चमकते.

भरीव गाठीला बायोप्सीसारखा, म्हणजे सुईने तुकडा काढून तपासण्यासारखा, पुरावा नाही. मात्र घरी मेंढ्या-कुत्री असतील, गावी मेंढपाळी असेल, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. हायडॅटिड गाठीत, म्हणजे कुत्र्यांमधल्या जंतामुळे होणाऱ्या द्रवाच्या गाठीत, सुई गेली तर द्रव सांडून जिवावर बेतणारी ॲलर्जी येऊ शकते, आजार छातीत पसरू शकतो. सुईआधी या आजाराची रक्ततपासणी आणि यकृताची सोनोग्राफी करून घ्या. फुप्फुसातल्या गाठीत ही रक्ततपासणी निगेटिव्ह येऊनही आजार असू शकतो, हेही ध्यानात ठेवा.

गाठ लहान, निव्वळ द्रवाची, त्रास काही नाही, तर डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला पुन्हा सीटी करत थांबता येतं. वारंवार पिकणारी, श्वासनळीवर दाब देणारी, वाढणारी असेल तर दुर्बिणीतून काढणं बरं. आणि सिस्टची भिंत एकीकडे जाड होत असेल, भिंतीत गाठ दिसत असेल, तर थांबूच नका. काही कॅन्सर सिस्टच्या रूपातच वाढतात. सिगारेट ओढणाऱ्यांनी, थुंकीतून रक्त जाणाऱ्यांनीही थांबू नये. दुसरं मत घ्यायला जाताना नुसता रिपोर्ट नको, सीटीची सीडी न्या.