हिमालयन ४११ एकटीच्या लांब प्रवासासाठी तयार करताना : वापरानंतरचा अनुभव

रॉयल एनफील्डची हिमालयन ही मोटारसायकल सेकंडहँड घेतली तीच लेहला एकटीने जायचं ठरवून. मार्चमध्ये गाडी हातात आली, उन्हाळा आणि पावसाळा ती सातारा जिल्ह्यात फिरवली आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला निघाले. साताऱ्याहून दिल्ली, मनाली, लेह, कारगिल, श्रीनगर करून परत. आता बरेच महिने उलटलेत, गाडी रोजच्या वापरात आहे, त्यामुळे तयारीतलं काय टिकलं आणि काय नुसतंच ओझं होतं ते नीट सांगता येईल.

बरेच जण विचारतात, गाडीला काय काय लावलंस? मी तयारी करताना वेगळा निकष धरला होता. जी वस्तू मला एकटीला, दमलेली असताना, उतारावर आणि पावसात काढता-घालता येत नाही, ती गाडीवर नको. ग्रुपमध्ये जाणाऱ्यांना हे कदाचित अति वाटेल. पण सोबत दुसरं कुणी नसेल तर गाडीचं वजन, बॅगचा बकल, एक्सलचा नट या सगळ्यांशी आपलीच गाठ असते.

गाडीविषयी थोडक्यात. २०१६ साली आलेली ही हिमालयन ४११ सीसी, एका सिलिंडरची, ताकद साधारण २४ बीएचपी. टाकी १५ लिटरची, पुढचं चाक २१ इंची, मागचं १७ इंची, दोन्ही तारांची आणि ट्यूबची. भरल्या टाकीनिशी वजन जवळपास २०० किलो. सीटची उंची ८०० मिलिमीटर असल्यामुळे माझ्यासारख्या मध्यम उंचीच्या बाईचे पाय नीट टेकतात. ही गाडी निवडण्याचं माझं पहिलं कारण हेच होतं. इंजिन साधं आहे, घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये न कुरकुरता ओढतं. वेगच हवा असेल तर ही गाडी तुमची नाही.

तयारी तपासायला सातारा जिल्ह्याइतकी चांगली जागा मला दुसरी माहीत नाही. पश्चिमेला महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि पूर्वेला माण तालुक्यात जेमतेम पाचशेच्या आसपास. एप्रिल-मेमध्ये दहिवडी, म्हसवडच्या बाजूच्या कच्च्या रस्त्यांवर चेनमध्ये धूळ कशी बसते ते बघा. जुलैत कास-बामणोली, पाटणवरून कुंभार्ली घाट, महाबळेश्वरवरून आंबेनळी घाट करा. पाणी कुठे शिरतं, काय ढिलं होतं, काय गंजतं ते सगळं इथेच कळतं. लेहला जाऊन कळण्यापेक्षा यवतेश्वरच्या घाटात कळलेलं केव्हाही बरं, तिथून घर दिसतं.

सगळ्यात जास्त वेळ मी पंक्चरवर घालवला आणि तो सगळ्यात जास्त कामी आला. ट्यूबचं चाक म्हणजे चाक काढा, टायर सोडवा, ट्यूब बदला, परत बसवा. ट्यूबलेससारखं बाहेरून दोरी खुपसून भागत नाही. माझे मिस्त्री एमआयडीसीच्या बाजूला बसतात. शिकवायला त्यांनी होकार दिला, पण पहिल्याच दिवशी म्हणाले, ‘ताई, मी हात लावनार न्हाई. तुमी काढा, चुकलं तर सांगतो.’ आणि खरंच हाताची घडी घालून उभे राहिले.

त्या दिवशी जे समजलं ते व्हिडिओत कधी नीट दिसलं नव्हतं. टायर चढत नाही तो जोर कमी पडतो म्हणून नव्हे. रिंगच्या मधोमध खोलगट भाग असतो. आपण जिथे लिव्हर (टायर उचकटायची लोखंडी पट्टी) लावतो त्याच्या बरोबर समोरचा टायरचा काठ त्या खोलगटात गुडघ्याने दाबून ठेवायचा, म्हणजे या बाजूला तेवढी ढील मिळते. काठाला साबणाचं पाणी लावायचं. आणि शेवटचा वीतभर भाग चढवताना लिव्हर अगदी जेमतेम आत घालायची, कारण नवीन ट्यूब फाटते ती तिथेच, लिव्हर आणि रिंगच्या मध्ये चिमटून. ट्यूब बसवण्याआधी तिच्यात थोडी हवा भरून तिला आकार दिला की ती सहसा चिमटत नाही. व्हॉल्व्हच्या बुडाचा नट रिंगवर आवळण्याऐवजी वर टोपीला भिडवून ठेवते. टायरबरोबर ट्यूब सरकायला लागली तर व्हॉल्व्ह तिरका झालेला लगेच दिसतो आणि तो मुळातून तुटण्याआधी आपण सावध होतो.

भीलवाड्याच्या पुढे मागचं चाक बसलं तेव्हा या सगळ्याचा उपयोग झाला. गाडी डबल स्टँडवर घेतली, चाक काढलं. ट्यूबला भोक होतं, पण टायरमध्ये बाहेरून काहीच दिसेना. अशा वेळी टायरच्या आतून सुती फडकं फिरवायचं. माझं फडकं एका जागी अडकलं. ट्रकचे टायर फुटतात, त्यांच्यातली केसासारखी पोलादी तार होती ती, आत जेमतेम दोन मिलिमीटर आलेली. पक्कडीने ओढून काढली. ती तशीच राहिली असती तर नवी ट्यूबही संध्याकाळपर्यंत गेली असती. फडकं फिरवा, बोट फिरवू नका, तार बोटात घुसते.

बरोबर काय ठेवायचं? दोन्ही मापांची एकेक ट्यूब, तीन लिव्हर, पॅच आणि सोल्युशन, बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप, हवा मोजायचा गेज आणि दोन्ही एक्सलच्या मापाचे पाने. पंप बंद पडू शकतो म्हणून सायकलचा हातपंपही होता. तो वापरावा लागला नाही, पण पुढच्या वेळीही नेईन.

बॅगांवर मी बराच विचार केला. ॲल्युमिनियमच्या पेट्या दिसायला छान, कुलूप लागतं. पण चिखलात गाडी कमी वेगात आडवी झाली तर पाय पेटीखाली सापडू शकतो, आणि पेट्यांचं रिकामं वजनच पुष्कळ. मी सीटच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या कापडी सॅडल बॅग घेतल्या. त्यांना आधार द्यायला जे लोखंडी स्टे लावले, त्यांचा एक सांधा पाटणच्या रस्त्यावर पावसात तुटला. बनवणाऱ्याने पाइपाला नुसता टाका मारला होता, कोपऱ्यात पट्टीचा आधार दिलाच नव्हता. पाटणमध्ये ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडणाऱ्या एका वेल्डिंगवाल्या दादांनी अर्ध्या तासात सांधा जोडला, वर त्रिकोणी पट्टीही लावून दिली. तो सांधा लेहहून परत येऊनही जसाच्या तसा आहे. माझा आग्रह यामुळेच पक्का झाला की स्टे साध्या लोखंडाचेच असावेत. लोखंड कुठल्याही गावात साध्या आर्क वेल्डिंगवर जुळतं, ॲल्युमिनियमला वेगळं मशीन आणि वेगळा हात लागतो. तो वाटेत प्रत्येक ठिकाणी कुठून मिळणार?

बॅगांबरोबर येणाऱ्या रेन कव्हरवर विसंबू नका. वेगात वारा आत शिरून ती फुगतात, आणि एकदा सुटली की गेली. आतून जाड प्लॅस्टिकची पिशवी, तोंड तीनदा दुमडून बांधलेली, एवढंच पुरतं. आंबेनळीत भर पावसातही माझे कपडे कोरडे राहिले. जड सामान खाली आणि पुढे, म्हणजे हत्यारं बॅगेच्या तळाशी आणि झोपायची पिशवी मागे वर. लवचिक हुकाच्या दोऱ्यांपेक्षा बकलचे पट्टे घ्या. हुक सुटून चाकात गेला तर चाक जाम होतं.

आडवी झालेली गाडी एकटीने उचलणं हा तयारीतला असा भाग आहे की तो बहुतेक लोक सोडूनच देतात. मी चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांजवळ गवतावर गाडी मुद्दाम हळूच आडवी करून सराव केला. आधी किल्ली बंद, बॅगा काढायच्या. गाडी उजव्या बाजूला पडली असेल तर डावीकडचा साइड स्टँड आधीच उघडून ठेवायचा, म्हणजे उभी झाल्यावर पलीकडे कलंडत नाही. गिअरमध्ये ठेवायची, नाहीतर ती पुढे सरकते. मग गाडीकडे पाठ करून सीटच्या काठाला कंबर टेकवायची, एक हात हँडलला, दुसरा मागच्या कॅरिअरला, पाठ सरळ, आणि पायांच्या जोरावर एकेक छोटं पाऊल मागे टाकत जायचं. सगळा जोर मांड्यांचा लागतो, पाठीचा नाही. लडाखमधल्या मोरे मैदानात वाळूत गाडी बसली तेव्हा आसपास कुणीही नव्हतं. बॅगा काढल्या, उचलली, परत बांधल्या.

चेनला ९० नंबरचं गिअर ऑइल लावते, रात्री गाडी गरम असताना, आणि जास्तीचं पुसून काढते. माणच्या धुळीत ओली चेन म्हणजे पॉलिश पेपरच. ओ-रिंगची चेन पेट्रोलने धुऊ नका, रबर खराब होतं, रॉकेल चालतं. क्लच केबल जोडीला दुसरी तिच्याच बाजूने ओढून, टोकं झाकून बांधून ठेवलीये, तुटली तर नुसती टोकं बदलायची. एका सिलिंडरच्या कंपनांनी नट ढिले होतात. मी महत्त्वाच्या प्रत्येक नटावर, नट आणि बॉडी जोडणारी एक रेघ पांढऱ्या नेलपॉलिशने मारली आहे. सकाळी चहा घेता घेता एक फेरी मारायची, रेघ तुटलेली दिसली की पाना लावायचा. इतका स्वस्त आणि इतका उपयोगी उपाय दुसरा नाही. जादा दिवे रिले आणि फ्यूजमधूनच घ्या, आणि मोबाईलचा चार्जर किल्लीनंतरच्या वायरवर, म्हणजे रात्रीत बॅटरी उतरणार नाही. फोन हँडलवर लावत असाल तर कंपन शोषणारा माउंट घ्या. मोटारसायकलच्या कंपनांनी फोनच्या कॅमेऱ्यावर परिणाम होऊ शकतो असं ॲपलने २०२१ मध्ये स्वतःच सांगितलं होतं.

साताऱ्यात तपासता येत नाही ती गोष्ट म्हणजे उंची. मनाली-लेह रस्त्यावरची टांगलांग ला ही खिंड सव्वापाच हजार मीटरच्या वर आहे, तिथे हवा समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडीच जास्त. फ्युएल इंजेक्शनची गाडी पेट्रोल आपोआप कमी करते, जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीसारखी काळा धूर ओकत नाही. पण हवाच कमी म्हटल्यावर ताकद कुठून येणार? २४ बीएचपीतले निम्म्याहून थोडेच जास्त उरतात. घरी ‘असू दे’ म्हणून घेतलेला प्रत्येक किलो तिथे पहिल्या गिअरमध्ये जाणवतो. टायरची हवा मात्र विनाकारण काढू नका. उंचीवर बाहेरचा दाब कमी झाल्याने गेज जास्त दाखवायला हवं, पण थंडीने आतला दाब उतरतो, आणि दोन्ही जवळपास फिटतात. त्याच रस्त्यावरच्या पांग या ठिकाणी सकाळी मोजलं तेव्हा साताऱ्यात भरली होती तेवढीच होती.

पेट्रोलचं गणित मनालीच्या पुढे तांदीला करायचं. तिथल्या पंपावरची पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी प्रसिद्ध आहे. लेहच्या थोडं आधी कारूला पंप आहे. माझी गाडी हायवेला तीसच्या आसपास देते, तिकडे चढावर पंचवीस धरलं तरी १५ लिटरमध्ये जेमतेम निभतं. म्हणून धातूच्या कॅनमध्ये पाच लिटर जादा घेतलं आणि वाटेतल्या सरचूच्या पुढे टाकीत ओतून कॅन रिकामा केला. लडाखमध्ये बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड लागतं, हेही निघण्याआधीच बघून ठेवा.

जाण्याचा रस्ता सोपा आहे, साताऱ्यावरून जाणारा एनएच ४८ सरळ दिल्लीलाच नेतो. थकवा मात्र त्याच रस्त्यावर जास्त येतो. डोंगरात माणूस जागा असतो, सपाट सहापदरी रस्त्यावर दुपारी डोळे जड होतात. गुजरातमधून मी सूर्य उगवताना निघायचे आणि दुपारी थांबायचे.

क्रॅश गार्ड, इंजिनखालचा पत्रा आणि हँडगार्ड तिन्ही ठेवा, तिन्हींना ओरखडे आलेत आणि आतलं काही मोडलेलं नाही. हँडल उंच करायचा राइझर मला गरजेचा वाटला नाही. पुढच्या वेळी कॅमेऱ्याचा जादा स्टँड, दुसरं जॅकेट आणि स्टोव्ह घरी राहतील. तिथे मॅगी आणि गरम पाणी तंबूंतून मिळतंच.

आता नवीन घेणाऱ्यांसाठी. ४११ ची जागा हिमालयन ४५० ने घेतली आहे आणि तिला ट्यूबलेस स्पोक चाकांचा पर्याय मिळतो. पैसे असतील तर तो जरूर घ्या, पंक्चरचं बरंच काम कमी होईल. पण एक ट्यूब आणि लिव्हर तरीही बॅगेत टाका. दगडावर आपटून रिंग वाकली की ट्यूबलेस चाक हवा धरत नाही, अशा वेळी आत ट्यूब घालून पुढच्या गावापर्यंत जाता येतं.