पी९१०एनडी : स्वतः काहीही न साठवणारा प्रिंट डीमन

यूएसबी प्रिंटर उत्तम स्थितीत आहे, पण त्याला नेटवर्कची सोय नाही, आणि तो एका छोट्या राऊटरला जोडून सगळ्या संगणकांना वापरता यावा अशी इच्छा आहे, तर त्या कामासाठी उपलब्ध असलेल्या साधनांमध्ये पी९१०एनडी (p910nd) मला सर्वांत विचारपूर्वक घडवलेला वाटतो. हा डीमन, म्हणजे पार्श्वभूमीत सतत चालणारा कार्यक्रम, सी भाषेत लिहिलेला आहे, जीपीएल या मुक्त परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली तो मुक्तपणे मिळतो, डेबियन ही लिनक्स प्रणाली आणि ओपनडब्ल्यूआरटी ही राऊटरवर चालणारी प्रणाली या दोन्हींमध्ये त्याचे तयार पॅकेज आहे, आणि त्याचा जवळजवळ सगळा कोड एकाच फाइलमध्ये मावतो. ज्यांना तो नुसता वापरायचा आहे त्यांच्यासाठी हे परीक्षण आहेच. पण सी भाषेत स्वतःचा छोटा प्रिंट स्पूलर, म्हणजे छपाईची कामे रांगेत साठवून पुढे पाठवणारा कार्यक्रम, लिहिण्याची ज्यांची तयारी चालू आहे त्यांनी आधी हा कोड वाचावा असे मला मनापासून वाटते, म्हणून त्यांच्या दृष्टीनेही काही गोष्टी येथे सविस्तर मांडल्या आहेत.

काम अगदी मर्यादित आहे. डीमन टीसीपी या नेटवर्कवरील संवादपद्धतीच्या ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर जोडणीची वाट पाहतो, जोडणी आली की प्रिंटरची डिव्हाइस फाइल (जिच्यात लिहिलेले थेट प्रिंटरला जाते ती) उघडतो, नेटवर्कवरून आलेले बाइट जसेच्या तसे त्या फाइलमध्ये लिहितो, आणि पलीकडच्या बाजूने जोडणी बंद झाली की पुढच्या जोडणीकडे वळतो. हा पोर्ट एचपीच्या जेटडायरेक्ट या, प्रिंटरला नेटवर्कशी जोडणाऱ्या, कार्डांमुळे रूढ झाला आणि आज जवळपास प्रत्येक नेटवर्क प्रिंटर तो ओळखतो, त्यामुळे विंडोजमध्ये साधा टीसीपी/आयपी पोर्ट ‘रॉ’ पद्धतीने जोडला किंवा कप्समध्ये (लिनक्स आणि मॅकवरील छपाई व्यवस्थेत) ‘सॉकेट’ प्रकारचा पत्ता दिला की क्लायंटच्या बाजूला प्रिंटरच्या ड्रायव्हरखेरीज दुसरे काहीच बसवावे लागत नाही. एकाच यंत्राला तीन प्रिंटर असतील तर ९१००, ९१०१ आणि ९१०२ अशा तीन पोर्टांवर डीमनच्या तीन प्रती चालवता येतात. लिनक्समध्ये यूएसबी प्रिंटरसाठी कर्नलचे, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचे, यूएसबीएलपी मॉड्यूल लागते आणि डिव्हाइस फाइलचा मार्ग पर्यायाने सांगावा लागतो, कारण तो सांगितला नाही तर डीमन जुन्या समांतर पोर्टाची फाइल शोधतो. मांडणी एवढ्यावर संपते.

या डीमनचे खरे मर्म त्याने काय नाकारले यात आहे. तो स्पूल करत नाही, म्हणजे आलेला जॉब (छपाईसाठी पाठवलेले काम) डिस्कवर किंवा मेमरीत साठवून ठेवत नाही. ही उणीव वाटू शकते, पण जेथे तो चालतो त्या यंत्राचा हिशेब मांडून पाहावा. ए४ आकाराचे एक पान ६०० डीपीआयवर काळ्या-पांढऱ्या बिटमॅपमध्ये उतरवले तर ४९६० गुणिले ७०१६ बिंदू होतात, म्हणजे प्रतिबिंदू एक बिट धरून सुमारे ४.३५ मेगाबाइट, तेच पान २४ बिट रंगात घेतले तर शंभर मेगाबाइटच्या वर जाते. प्रत्यक्षात ही माहिती दाबून पाठवली जाते हे खरे, परंतु छायाचित्रांनी भरलेल्या पानांच्या बाबतीत त्या दाबण्यावर विसंबून राहता येत नाही. काही मेगाबाइट फ्लॅश आणि ३२ किंवा ६४ मेगाबाइट मेमरी असलेल्या राऊटरवर अशा पानांची रांग साठवायला निघालो तर दुसऱ्या-तिसऱ्या पानाला मेमरी संपेल, आणि छपाईबरोबर सगळ्यांचे इंटरनेटही बंद पडेल. फ्लॅशवर साठवावे तर जागा अपुरी आहेच, शिवाय वारंवार लिहिण्याने ती फ्लॅश झिजते.

मग वेगवान संगणक आणि संथ प्रिंटर यांच्यातील तफावत कोण सांभाळतो? ते काम डीमनने टीसीपीकडे सोपवले आहे आणि मला ही रचना अतिशय सुंदर वाटते. प्रिंटर पान ओढण्यात गुंतलेला असताना डिव्हाइस फाइलमधले लेखन थांबते; लेखन थांबल्यामुळे डीमन सॉकेटमधून वाचणे थांबवतो; कर्नलमधला, आलेले बाइट तात्पुरते धरून ठेवणारा बफर भरतो; टीसीपीची विंडो, म्हणजे आणखी किती बाइट घेता येतील याची मर्यादा, आक्रसत शून्यावर येते; आणि पाठवणारा संगणक आपोआप थांबतो. प्रिंटर मोकळा झाला की हीच साखळी उलट्या दिशेने सुटत जाते. कागद संपला आणि तो तासाभराने भरला तरी, क्लायंटने स्वतःहून जोडणी तोडली नाही तर, छपाई जेथे थांबली तेथूनच पुढे चालू होते. या सगळ्यासाठी डीमनमध्ये वेगळी एक ओळही लिहावी लागलेली नाही. जॉब मूळ संगणकावर, म्हणजे जेथे मोठी डिस्क आहे, कप्स किंवा विंडोजचा स्पूलर आहे आणि रद्द करण्याचे बटण आहे, तेथेच राहतो.

आतला कोडही याच वृत्तीचा आहे. एका दिशेने चालताना तो नेटवर्कमधून वाचतो आणि प्रिंटरला लिहितो, बस्स. दोन्ही दिशांचा पर्याय दिला असेल तर ८१९२ बाइटचे दोन वर्तुळाकार बफर तयार होतात, एक प्रिंटरकडे जाणारा आणि एक प्रिंटरकडून येणारा, आणि सिलेक्ट या सिस्टम कॉलच्या, म्हणजे कर्नलकडे केलेल्या विनंतीच्या, आधारे ज्या बाजूला वाचता किंवा लिहिता येईल त्या बाजूचे काम केले जाते. नवख्या माणसाच्या हातून येथे हमखास दोन गोष्टी सुटतात. पहिली अशी की राइट कॉलने मागितलेले सगळे बाइट लिहिलेच असतील असे नाही, म्हणून उरलेल्यांचा हिशेब ठेवावाच लागतो. दुसरी अशी की शून्य बाइट वाचले गेले याचा अर्थ दोन्ही बाजूंना सारखा नसतो: सॉकेटवर शून्य म्हणजे पाठवणाऱ्याने आपली बाजू बंद केली, तर प्रिंटरवर शून्य म्हणजे त्याला सध्या सांगायचे काही नाही एवढेच. या डीमनने हा फरक बफरच्या रचनेतच एका वेगळ्या खुणेने नोंदवला आहे. स्वतःचा डीमन लिहिणाऱ्याने ही खूण नक्की पाहावी.

कुलपाची योजनाही अशीच नेमकी आहे. डीमन स्वतंत्रपणे चालत असेल तेव्हा तो एका वेळी एकच जोडणी हाताळतो आणि बाकीच्या कर्नलच्या रांगेत थांबतात, त्यामुळे दोन जॉब एकमेकांत मिसळण्याची भीती नसते. परंतु तोच कार्यक्रम आयनेटडी या, जोडणी आली की नेमलेला कार्यक्रम सुरू करणाऱ्या, सेवेकडून चालवला तर प्रत्येक जोडणीला वेगळी प्रक्रिया जन्माला येते, आणि तेथे त्यांना एकामागोमाग उभे करण्याचे काम कुलपाची फाइल करते. कुलूप एफसीएनटीएल कॉलने लावलेले असल्यामुळे प्रक्रिया मध्येच मेली तरी कर्नल ते सोडवतो. फाइल आहे की नाही एवढेच तपासणारे कुलूप असते, तर अशा प्रसंगी कोणीतरी हाताने फाइल पुसेपर्यंत छपाई अडून राहिली असती.

आता उणिवांकडे येतो. ९१०० च्या पद्धतीत जॉबची सीमा म्हणजे जोडणी बंद होणे, दुसरे काही नाही. जॉब पूर्ण झाला म्हणून जोडणी बंद झाली की वापरकर्त्याने मध्येच रद्द केले म्हणून, हे डीमनला खात्रीने कळण्याचा मार्ग नाही. अर्धवट जॉब प्रिंटरमध्ये राहिला आणि पुढचा जॉब त्याच्या पाठोपाठ गेला तर पुढच्याचे पहिले पान बिघडू शकते. पीजेएल ही प्रिंटरला आज्ञा देण्याची भाषा जाणणाऱ्या प्रिंटरांचे ड्रायव्हर प्रत्येक जॉबच्या सुरुवातीला आणि शेवटी नऊ बाइटचा एक ठरलेला संकेत पाठवून प्रिंटरला मूळ स्थितीत आणतात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत धोका बराच कमी होतो. पण जे प्रिंटर तो संकेत मानत नाहीत त्यांच्यासाठी डीमनकडे उपाय नाही. एखाद्या क्लायंटने जोडणी उघडून काहीच पाठवले नाही तर तेवढा वेळ बाकीच्यांना ताटकळत राहावे लागते, हीसुद्धा एका वेळी एकच जोडणी घेण्याची किंमत आहे. दोन्ही दिशांच्या पद्धतीत आणखी एक मर्यादा आहे: नेटवर्ककडून येणारा प्रवाह संपून शेवटचा बाइट प्रिंटरला पोहोचला की कोडमधले चक्र थांबते, आणि प्रिंटर त्यानंतर जे उत्तर देईल त्यासाठी ते थांबून राहत नाही. शाईची पातळी किंवा छापलेल्या पानांची संख्या विचारणाऱ्या सॉफ्टवेअरला म्हणूनच या मार्गाने भरवशाचे उत्तर मिळेल असे मी सांगणार नाही.

वापरकर्त्याला रोज जाणवतील अशा दोन अडचणीही आहेत. विंडोज पोर्टच्या मांडणीत एसएनएमपीने (नेटवर्कवरील उपकरणांकडून माहिती विचारण्याच्या पद्धतीने) स्थिती तपासण्याचा पर्याय चालू असेल तर, पी९१०एनडी एसएनएमपीला उत्तर देत नसल्यामुळे, प्रिंटर ठणठणीत असूनही ‘ऑफलाइन’ दिसू शकतो. तो पर्याय बंद करावा. आणि मोबाइल फोनवरून थेट छपाईची अपेक्षा असेल तर हा डीमन पुरा पडत नाही, कारण फोन आयपीपी ही छपाईची वेगळी संवादपद्धती बोलतात आणि त्यासाठी ६३१ पोर्टवर खरा आयपीपी सर्व्हर असावा लागतो. तेथे कप्सच बसवावे.

सुरक्षेबाबत स्पष्ट बोलले पाहिजे. येथे ओळख तपासणे नाही आणि कूटबद्धीकरणही नाही. ज्याला पोर्टपर्यंत पोहोचता येते त्याला छापता येते, आणि वाटेत ऐकणाऱ्याला छापला जाणारा मजकूर वाचता येतो. एका ठरावीक पत्त्यावरच ऐकण्याचा पर्याय आहे, टीसीपी रॅपर या, पत्ता पाहून जोडणी अडवणाऱ्या, लायब्ररीसह संकलित केले असेल तर परवानगीची यादीही देता येते, आणि राऊटरवर हे दोन्ही असले तरी बाहेरच्या जाळ्याकडून ९१०० बंद आहे याची खात्री फायरवॉलमध्ये स्वतंत्रपणे करून घ्यावी. दुसऱ्या बाजूने पाहिले तर बाहेरून आलेल्या मजकुराचा अर्थ लावण्याचा प्रयत्नच हा कोड करत नाही, आणि त्यामुळे त्यात शिरकाव करण्याच्या जागाही मोजक्याच आहेत. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये कप्सच्या परिवारातील, नेटवर्कवरचे प्रिंटर आपोआप शोधणाऱ्या घटकातील त्रुटी जाहीर झाल्या, तेव्हा जास्त सोयींबरोबर जास्त दारेही येतात हे पुन्हा दिसले.

आता राहिला प्रश्न याच पायावर खरा स्पूलर उभारण्याचा. माझ्या मते येथे कोडच्या ओळींपेक्षा जबाबदारी जास्त वाढते. ऑगस्ट १९९० च्या आरएफसी ११७९ या इंटरनेट-नियमांच्या दस्तऐवजात नोंदवलेला एलपीडी हा छपाईच्या संवादाचा करार (प्रोटोकॉल), जो ५१५ पोर्टवर चालतो, त्याचे उदाहरण घ्यावे: क्लायंट आधी फाइलची लांबी सांगतो, मग फाइल पाठवतो, आणि सर्व्हरने शून्य मूल्याचा एक बाइट परत पाठवला की ती स्वीकारली गेली असे मानतो. त्यानंतर तो आपली प्रत पुसून टाकू शकतो. म्हणजे तो एक बाइट पाठवण्याआधी जॉब तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहिलेला असला पाहिजे, एफसिंकने (माहिती प्रत्यक्ष डिस्कवर लिहून घेणाऱ्या कॉलने) डिस्कवर उतरलेला असला पाहिजे, मग नाव बदलून रांगेच्या निर्देशिकेत आणलेला असला पाहिजे, आणि त्या निर्देशिकेवरही एफसिंक झालेले असले पाहिजे. यातली एक पायरी गाळली तरी वीज जाण्याच्या क्षणी स्वीकारलेला जॉब नाहीसा होऊ शकतो. डिस्क भरली तर नकार कसा द्यायचा आणि अर्ध्यावर तुटलेल्या फाइली केव्हा झाडून टाकायच्या, हेही ठरवावे लागते. सिगपाइप (तुटलेल्या जोडणीवर लिहिल्यास येणारा संकेत) दुर्लक्षित करणे, मध्येच खंडित झालेले कॉल पुन्हा करणे, फोर्क आणि सेटसिडने टर्मिनलपासून वेगळे होणे या गोष्टी त्या मानाने सोप्या आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याचशा पी९१०एनडीच्या कोडमध्ये पाहायलाही मिळतात.

सर्वांत अवघड निर्णय पुन्हा सुरू होण्याच्या वेळी येतो. डिस्कवर जॉब आहे, तो प्रिंटरकडे जात असताना वीज गेली होती, आणि किती पाने बाहेर पडली हे सांगायला कोणी नाही. पुन्हा छापावे तर कागद वाया जाईल किंवा एकच पावती दोनदा निघेल. न छापावे तर एखाद्याचे कागद कायमचे हरवतील. माझे मत पुन्हा छापण्याच्या बाजूने आहे, मात्र तो जॉब रांगेत थांबवून ठेवावा आणि कोणीतरी सोडण्यास सांगितल्यावरच प्रिंटरकडे जावा. पी९१०एनडी हा प्रश्न राऊटरवर येऊच देत नाही: मूळ जॉब त्याच संगणकावर असतो जेथे तो पाठवणारा बसलेला आहे, आणि कोणती पाने हातात आली व कोणती पुन्हा काढायची हे त्यालाच सर्वांत आधी कळते.