बिलावर नवे हब रबर, चाकात जुन्या ट्यूबचे तुकडे

माझ्या मोटारसायकलचा अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागून धक्का, परत दिला की आणखी एक, आणि पहिला गिअर टाकताना ‘खाड्’ आवाज. चेनचा ताण बरोबर होता. गॅरेजवाल्याने ऐकताच सांगितलं, हब रबर गेलेत. निदान चुकीचं नव्हतं. हे रबर मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, स्प्रॉकेटच्या (चेन फिरते त्या दातेरी चक्राच्या) ड्रमखाली बसतात आणि इंजिनाचा झटका चाकापर्यंत जाण्याआधी झेलतात. वर्षानुवर्षं दाबले जाऊन ते चेपतात, कडक होतात, मध्ये फट पडते. चाक उघडतोच आहोत तर ब्रेक शूही, म्हणजे आतून घासून चाक थांबवणारे तुकडेही, नवे घालू, असं तो म्हणाला. मी हो म्हटलं. संध्याकाळी धक्का गेलेला होता, बिलावर दोन्ही पार्ट लिहिलेले होते. जुने पार्ट मागायचं मला सुचलंच नाही.

दीड महिन्यात धक्का परत आला. ‘नवे रबर बसायला वेळ लागतो,’ असं उत्तर मिळालं. खरं तर नवे रबर पहिल्या दिवशीच सर्वांत घट्ट असतात. ड्रम जोर लावून बसवावा लागतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून आणखी दोन आठवडे मी तशीच गाडी चालवली.

शेवटी एका रविवारी घरीच चाक उतरवलं. आत तेच जुने रबर होते, कडा तुटलेले, दगडासारखे कडक. आणि प्रत्येक फटीत जुन्या ट्यूबची दुमडलेली पट्टी खुपसलेली. पट्टीने फट भरते, धक्का थांबतो, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. काही आठवड्यांत पट्टी चेपली की पुन्हा तेच. ब्रेक शूही जुनेच. पॉलिश पेपरने घासून परत लावले होते आणि पेडलपासून ब्रेकपर्यंत जाणाऱ्या ब्रेक रॉडचा मागचा नट आवळून पेडल कडक करून दिलं होतं.

अंगावर काटा आला तो टॉर्क रॉड पाहून. ब्रेक लावल्यावर ब्रेकची प्लेट चाकाबरोबर फिरू नये म्हणून हा रॉड तिला धरून ठेवतो, आणि त्याचा नट सुटू नये म्हणून त्यात स्प्लिट पिन, म्हणजे टोकं वाकवून अडकवलेली छोटी पिन, असते. पिन नव्हतीच. नट बोटांनी फिरत होता. तो निसटला असता तर ब्रेक दाबताच प्लेट फिरून चाक जागीच अडकू शकलं असतं. दोन महिने मुलीला मागे बसवून मी याच गाडीवर फिरत होतो.

चाक न उघडताही यातलं बरंच कळतं, म्हणूनच हे लिहितोय. गाडी द्यायच्या आधी मागच्या ब्रेक रॉडच्या टोकाचा फोटो काढा. शू झिजत जातात तसा नट पुढे घ्यावा लागतो आणि त्याच्यामागे आटे जास्त दिसू लागतात. खरोखर नवे शू घातले तर नट बराच मागे येतो. परत आल्यावर आटे पूर्वीइतकेच दिसत असतील तर शू जुनेच आहेत. बऱ्याच गाड्यांना ब्रेकच्या आर्मवर बाण आणि प्लेटवर खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेवर आला तर शू संपलेत. रबरासाठी इंजिन बंद करून, गाडी मधल्या स्टँडवर आणि न्यूट्रलमध्ये ठेवा, चाक एका हाताने घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने मागचं स्प्रॉकेट पुढे-मागे हलवून बघा. नवे रबर असतील तर ते जवळजवळ हलत नाही. टॉर्क रॉडची पिन तर नुसतं वाकून पाहिलं तरी दिसते. जुने पार्ट परत हवेत, हे काम सुरू व्हायच्या आधीच सांगा. नंतर ‘भंगारात गेले’ हे उत्तर ठरलेलं आहे. मी आता त्यांच्यावर आधीच रंगाचा ठिपकाही देऊन ठेवतो.

ट्यूबच्या पट्ट्या घेऊन मी गॅरेजमध्ये गेलो. ‘पोराने केलं असेल,’ मालक म्हणाला. शूचे पैसे बरीच बोलाचाली झाल्यावर परत मिळाले, रबरांचे नाहीत. पिनेचं विचारलं तेव्हा त्याने हातातलं काम थांबवलंसुद्धा नाही. ‘एवढीशी पिन साहेब, राहून जाते कधीकधी.’