सीबायोपोर्टल : ट्यूमरचा डेटा डोळ्यांनी वाचायचा तर इथूनच सुरुवात करा

कर्करोगाच्या जनुकीय डेटाशी पहिली ओळख करून घ्यायला सीबायोपोर्टलइतकं सोयीचं दुसरं साधन नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमध्ये तयार झालेलं हे पोर्टल मोफत आहे. लॉगिन लागत नाही, कोडची एक ओळही लिहावी लागत नाही.

फुप्फुसाचा अॅडिनोकार्सिनोमा (ग्रंथीपेशींतून होणारा कर्करोग) घ्या. टीसीजीए म्हणजे 'द कॅन्सर जीनोम अॅटलास' या अमेरिकी प्रकल्पाचा 'पॅनकॅन्सर अॅटलास' संच निवडा, 'क्वेरी बाय जीन' दाबा आणि ईजीएफआर, केरास, टीपी५३ ही जनुकांची नावं टाका. समोर ऑन्कोप्रिंट येतो : आडवी ओळ म्हणजे जनुक, उभी पट्टी म्हणजे एक नमुना. ईजीएफआरच्या म्युटेशनच्या पट्ट्या संपतात तिथे केरासच्या सुरू होतात. दोन्ही एकाच ट्यूमरमध्ये क्वचितच. दोन्ही जनुकं पेशीवाढीच्या एकाच संदेशसाखळीला चालना देतात. त्यांतलं एक बिघडलं तरी ट्यूमरचं भागतं, आणि दोन्हींचा जोर एकदम आला तर तो पेशीलाच मारक ठरू शकतो. टीपी५३ मात्र दोन्ही गटांत पसरलेलं दिसतं. 'म्युच्युअल एक्सक्लुझिव्हिटी' टॅबमध्ये याची आकडेवारी मिळते; तिथे पी नव्हे, क्यू व्हॅल्यू (अनेक चाचण्यांसाठी दुरुस्त केलेली पी) बघा, कारण जनुकांच्या अनेक जोड्या एकाच वेळी तपासल्या जातात.

'म्युटेशन्स' टॅब आम्हाला सर्वांत आवडतो. ईजीएफआरच्या १२१० अमिनो आम्लांच्या पट्टीवर ८५८व्या जागी एक उंच काठी उभी असते (काठी जितकी उंच, तितक्या जास्त नमुन्यांत तो बदल), तर ७४६ ते ७५० च्या आसपास डिलीशनचा, म्हणजे तुकडा गळून पडण्याचा, गठ्ठा. दोन्ही प्रथिनाच्या कायनेज (संदेश पुढे पाठवणाऱ्या) भागात, म्हणजे गोळीच्या रूपातली ईजीएफआरविरोधी औषधं जिथे चिकटतात तिथेच. इकडे-तिकडे विखुरलेल्या बुटक्या काठ्यांवर मात्र लगेच निष्कर्ष बांधू नका. त्यांतल्या बऱ्याच नुसत्या सहप्रवासी असतात, ट्यूमर वाढवत नाहीत. ऑन्कोकेबीची (कोणता बदल कर्करोगात खरंच महत्त्वाचा, याची नोंद ठेवणाऱ्या डेटाबेसची) खूण आहे का, ते आधी पाहा.

घोटाळा होतो तो टक्केवारीत. एमआरएनएचा (जनुक किती सक्रिय आहे ते दाखवणारा) पर्याय झेड-स्कोअर (सरासरीपासूनचं अंतर) ±२ वर ठेवून चालू केला की 'बदललेल्या' नमुन्यांचा आकडा फुगतो, कारण साध्या नॉर्मल वितरणातही सुमारे ५ टक्के नमुने त्या मर्यादेबाहेर पडतातच. म्हणून सुरुवातीला तो बंदच ठेवा. कॉपी नंबरमध्ये, म्हणजे जनुकाच्या प्रतींच्या संख्येत, मूळ सेटिंग फक्त +२ (मोठी वाढ) आणि -२ (खोल घट) मोजतं. -१ ची उथळ घट गणतीत येत नाही. टक्केवारीपुढे तारा असेल तर ते जनुक सगळ्या नमुन्यांत तपासलेलंच नाही, असा अर्थ. शिवाय टीसीजीएचे तेच रुग्ण वेगवेगळ्या नावांच्या संचांत पुन्हा येतात. पोर्टल तशी सूचना देतं. ती डावलली तर एकच ट्यूमर दोनदा मोजला जातो.

'सर्व्हायव्हल' टॅब सर्वांत कच्चा. आलेख देखणे आहेत, पण रोगाची पायरी, वय, उपचार यांचा हिशेब त्यात धरलेला नसतो. कापलन-मायरच्या (काळानुसार किती रुग्ण जिवंत ते दाखवणाऱ्या आलेखाच्या) शेपटीकडे तर मोजकेच रुग्ण उरतात. इथे मोठा फरक दिसला तर डेटा उतरवून आर या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये कॉक्स मॉडेल (हे सगळे घटक धरून जगण्याचा हिशेब करणारं) चालवा.

भारतीय वाचकांनी आणखी एक ध्यानात ठेवावं : टीसीजीएतले बहुसंख्य रुग्ण श्वेतवर्णीय आहेत. फुप्फुसाच्या कर्करोगात ईजीएफआर म्युटेशनचं प्रमाण आशियाई रुग्णांत बरंच जास्त असतं, त्यामुळे तिथला आकडा आपल्या ओपीडीला लावू नये.

स्वतःच्या नमुन्यांसाठी पोर्टलचंच ऑन्कोप्रिंटर हे साधन वापरा : नमुना, जनुक, बदल, प्रकार असे चार रकाने टॅबने वेगळे करून चिकटवायचे. यादी एक्सेलमधून आणत असाल तर रकाना आधी 'टेक्स्ट' करा, नाहीतर सेप्ट९ (SEPT9) सारख्या जनुकांच्या जुन्या नावांच्या तारखा होतात.