डिजीकॅम : ७.१० वरच थांबायचं की ८ वर जायचं?

लग्नसराई संपली की आमच्यातले फोटोग्राफर डिस्का आवरायला बसतात आणि फोन सुरू होतात. "तू आठ घातलंस ना? घालू का मी पण?" डिजीकॅम म्हणजे फोटो लावून ठेवायचं आणि शोधायचं सॉफ्टवेअर, आठ ही त्याची आवृत्ती. फोनवर सांगायला गेलं की अर्धा तास जातो, म्हणून एकदाच लिहून टाकतो. अल्बम, टॅग, चेहऱ्याभोवती आखून नाव द्यायच्या चौकटी हे सगळं तुम्ही वापरता असं धरून चालतो. मी ८ वर गेलो आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना माझ्यावर किती भरवसा ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

७ची मालिका २०२० ची, ७.१० हा तिचा शेवटचा टप्पा. ८.० आलं एप्रिल २०२३ मध्ये. मला हलायला त्यानंतर दीड वर्ष लागलं, आणि त्याचं कारण आळस नव्हतं. ७.१० चांगलं चालत होतं. माझ्या सांगलीच्या स्टुडिओत दहा-बारा वर्षांची लग्नं, मुंजी, बारशी पडून आहेत. "दोन हजार चौदाच्या लग्नात आमचे आजोबा होते, त्यांचा एक फोटो द्या" असं गिऱ्हाईक म्हणालं की चहा येईपर्यंत फोटो सापडायचा. चालत्या गाडीला कशाला हात लावा, हे म्हणणं मला आजही पटतं.

८ मध्ये दाखवायला बरंच आहे. स्कॅन केलेल्या चित्रातला मजकूर वाचून काढायची सोय आली. आत टेसरॅक्ट हा अक्षरं ओळखणारा प्रोग्राम चालतो आणि त्याला मराठीचा डेटाही मिळतो. जुन्या फोटोंच्या मागे चिकटवलेल्या टाइप केलेल्या चिठ्ठ्या त्याने बऱ्या वाचल्या. लग्नपत्रिकेतली वेलबुट्टीची अक्षरं मात्र त्याच्या आवाक्याबाहेर गेली. "चि. सौ. कां." चं जे काय झालं ते इथे लिहीत नाही. वस्तू ओळखून आपोआप टॅग लावायची सोयही आहे. माझ्याकडे तिने व्यक्ती, खुर्ची आणि टाय शोधले. मंगल कार्यालयात खुर्ची सापडण्यात कसला आलाय पराक्रम! बंद करून टाकली. गाड्यांचे किंवा जनावरांचे फोटो काढणाऱ्याला कदाचित उपयोग होईल.

चेहरे ओळखणारं मॉडेल ८.५ मध्ये बदललं. माझ्या अनुभवात फरक पडला, पण मोजमाप केलेलं नाही, तेव्हा छातीठोक सांगत नाही. एवढंच की एका घरातले तीन भाऊ फेटे बांधून ओळीने उभे असले तर आता हाताने दुरुस्त करायला कमी लागतं. मुंडावळ्यांखालची नवरी अजूनही मधूनमधून 'अनोळखी'त जाऊन बसते. एवढ्याचसाठी मी आवृत्ती बदलली नसती.

बदलली ती दोन-चार केबींच्या फायलींमुळे.

नावं, तारे (फोटोला दिलेली पसंती) अशी माहिती मी जेपेगच्या बाबतीत जेपेग फायलीतच लिहितो. प्रश्न रॉचा, म्हणजे कॅमेऱ्यातून येणाऱ्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फायलींचा. जुन्या कॅमेऱ्याच्या सीआर२ या रॉ प्रकारापर्यंत ठीक होतं. मग कॅननचा नवा कॅमेरा घेतला आणि फायली सीआर३ झाल्या. ७ मध्ये ही माहिती फायलीत लिहायचं काम एक्झिव२ नावाचा आतला भाग करतो आणि त्याला सीआर३ वाचता येतं, लिहिता येत नाही. एक्झिफटूल हे तसंच दुसरं साधन ७ मध्येही होतं, पण माहिती दाखवण्यापुरतं. त्यामुळे सीआर३ ची नावं, तारे, चौकटी सगळं शेजारच्या एक्सएमपी या छोट्या, फक्त माहितीच्या फायलीत जायचं. यात चूक काही नाही, जगभर अशीच पद्धत आहे. डिजीकॅमच्या आत बसून काम करणाऱ्याला तर या फायली दिसतही नाहीत.

पण स्टुडिओत सगळेच डिजीकॅममध्ये बसत नाहीत. सुट्टीत भाचा मदतीला आला होता. त्याला म्हटलं, या चार लग्नांच्या रॉ नव्या डिस्कवर टाक आणि जुनी डिस्क मोकळी कर. पोरगं हुशार. त्याने फोल्डर उघडलं, फायली प्रकाराप्रमाणे लावल्या, सीआर३ तेवढ्या निवडून नेल्या आणि उरलेला 'कचरा' डिस्कसकट पुसला. "मामा, एवढ्याशा फायली होत्या, काहीतरी टेम्पररी असेल म्हटलं." त्याला काय बोलणार? डिजीकॅमच्या स्वतःच्या नोंदवहीत, म्हणजे डेटाबेसमध्ये, नावं होती, पण त्या फोल्डरांवर आधीच्या आठवड्यात मी दुसऱ्या कॉम्प्युटरवर काम केलं होतं, आणि तिथून इथे येणारं सगळं त्या एक्सएमपीतूनच येत होतं. चार लग्नांची नावं पुन्हा घातली. दोन घरांत फोन करून "डावीकडून तिसऱ्या आत्या का मावशी?" विचारावं लागलं, ते वेगळंच.

८ मध्ये लिहायचं काम एक्झिफटूलकडे सोपवता येतं, आणि ते सीआर३ मध्ये लिहितं. सेटिंगमध्ये मेटाडेटाच्या (फोटोसोबतच्या माहितीच्या) पानावर खूण केली की नाव फायलीच्या पोटात जातं. मग फाइल भाच्याने न्या, पेन ड्राइव्हवर न्या, नाव तिच्याबरोबर जातं. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

यावर नाक मुरडणारे आहेत आणि त्यांचं चूक नाही. रॉ म्हणजे निगेटिव्ह, तिला हात लावायचा नाही, असं मानणारे माझे दोन ज्येष्ठ मित्र आहेत. शिवाय एक नाव बदललं की तीसेक एमबीची अख्खी फाइल नव्याने लिहिली जाते. लिहिताना वीज गेली तर काय, हा प्रश्न आमच्याकडे पुस्तकी नाही. यूपीएस नसेल तर ही खूण करूच नका. आणि बॅकअप! पूर्वी रात्रीच्या बॅकअपमध्ये चार केबींची एक्सएमपी जायची, आता बदललेली रॉ पूर्ण जाते. मोठ्या लग्नाला नावं घातली त्या रात्री माझा बॅकअप सकाळपर्यंत चालला. उपाय म्हणून मी लिहिणं लांबणीवर टाकायचा पर्याय चालू ठेवतो, दिवसभर नावं घालतो आणि संध्याकाळी एकदाच लिहायला लावतो. एक्सएमपीही सोबत ठेवतो, आता ती गेली तरी बिघडत नाही.

एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे, तिचा दोष आठला देऊ नका. आयपीटीसी ही फोटोत माहिती लिहायची जुनी पद्धत, तिच्या नियमात एका कीवर्डला (टॅगच्या शब्दाला) ६४ बाइट मिळतात. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं आणि काना-मात्राही मोजली जाते. म्हणजे जेमतेम एकवीस चिन्हं. 'देशपांडे-कुलकर्णी विवाह मिरज' त्यात मावत नाही. एक्सएमपीला ही मर्यादा नाही, तेव्हा तपासायचं तर तिथे तपासा.

जाणार असाल तर आधी डिजीकॅम बंद करून डेटाबेसच्या फायली बाजूला ठेवा. नाव 'डिजीकॅम४' असलेली मुख्य. थंबनेलची (छोट्या चित्रांची) गेली तर पुन्हा तयार होते, ही नाही. ८ डेटाबेसची रचना बदलतं, त्यामुळे 'नाही आवडलं तर परत सातवर' हे या प्रतीशिवाय म्हणू नका. पहिल्यांदा सुरू करताना चेहऱ्यांची मॉडेल डाउनलोड होतात, ती मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करत बसू नका. आणि रॉमध्ये लिहायची खूण करण्याआधी दहा-वीस फायलींच्या प्रतींवर करून, तुम्ही ज्यात रॉ उघडता त्यात त्या उघडतात का ते बघा. माझ्या उघडल्या.

फक्त जेपेग काढत असाल, एकटेच काम करत असाल, तर ७.१० वर अजून एक सीझन काढलात तरी तुमचं फारसं अडणार नाही, असं मला वाटतं. आमच्या काउंटरवरच्या चार जीबीच्या जुन्या कॉम्प्युटरवर अजून तेच आहे, फोटो दाखवण्यापुरतं. आतल्या खोलीत आठ आहे. भाचा दिवाळीत आला तेव्हा पुन्हा एक डिस्क त्याच्याकडेच दिली.