इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश : शाळेच्या एका वर्षाच्या वापरानंतर

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यापासून मी घरच्या शिकवणीत इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश रोज वापरते आहे. मुलं आठवी ते दहावीची, सगळी मराठी माध्यमाची. एक छापील ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी टेबलावर असते. फोनवर ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन आणि मेरियम-वेबस्टर यांच्या मोफत साइट्स उघडतो. वार्षिक परीक्षा आटोपल्यावर बऱ्याच पालकांनी विचारलं, ‘मॅडम, कोणती डिक्शनरी घेऊ?’ त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

घ्यायची तर शिकणाऱ्यांसाठी तयार केलेली, म्हणजे ‘लर्नर्स’ प्रकारची घ्या. दुकानात जाडजूड, सोनेरी अक्षरांची, ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे त्यांच्यासाठीची डिक्शनरीही असते. ती आपल्या मुलांच्या कामाची नाही. तिथे एका अवघड शब्दाचा अर्थ दुसऱ्या तीन अवघड शब्दांत दिलेला असतो आणि मूल दहा मिनिटांत पुस्तक मिटतं. लर्नर्स प्रकाराची सुरुवातच वर्गातून झाली. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक जपानमध्ये शिकवत होते. तिथल्या विद्यार्थ्यांच्या अडचणी बघून त्यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेला कोश 1942 मध्ये टोकियोत छापला गेला, आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डने तो काढला. आजची ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स ही त्याच कोशाची पुढची रूपं. लाँगमनने 1978 मध्ये आपल्या कोशातल्या सगळ्या व्याख्या साधारण 2000 सोप्या शब्दांच्या आत बसवल्या. आठवीच्या मुलाला व्याख्या वाचून कळते, याचं कारण ही शिस्त आहे.

आता मुख्य गोष्ट. अर्थ तर कुठेही मिळतो. या कोशांचं खरं मोल शब्द वाक्यात कसा बसतो हे सांगण्यात आहे, आणि तोच भाग मुलं सर्वांत आधी वगळतात. नामाच्या शेजारी चौकटी कंसात बारीक ‘सी’ किंवा ‘यू’ हे अक्षर असतं. ‘सी’ म्हणजे मोजता येणारं, ‘यू’ म्हणजे न मोजता येणारं. ॲडव्हाइस, इन्फर्मेशन, फर्निचर, होमवर्क, इक्विपमेंट हे सगळे ‘यू’. मराठीत आपण दोन सल्ले देतो, म्हणून मूल अगदी सहज ‘ॲडव्हाइसेस’ लिहितं. त्यात निष्काळजीपणा नसतो. मराठीचा नियम ते प्रामाणिकपणे इंग्रजीत नेत असतं. नियम कुठे तुटतो हे ते एक अक्षर सांगतं. आमच्याकडे आता नवीन नाम वहीत उतरवताना ते अक्षरही उतरवायचं, असं ठरलेलं आहे. निबंधांतल्या चुका यानेच सर्वांत जास्त कमी झाल्या.

क्रियापदांचंही तसंच. ‘त्याने मला सुचवलं’ याचं इंग्रजी करताना मुलं ‘ही सजेस्टेड मी’ लिहितात. सजेस्टच्या नोंदीत त्या क्रियापदाचे साचे दिलेले असतात: सजेस्टनंतर थेट वस्तू येईल, ‘दॅट’ येईल, किंवा क्रियापदाचं ‘आयएनजी’ रूप येईल. ज्याला सुचवलं तो माणूस थेट येणार नाही. ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ लावू नका, अशी वेगळी टीपही ऑक्सफर्डमध्ये आहे. ही चूक आपल्याकडे इतकी रुळली आहे, की ऑफिसच्या पत्रांतही सर्रास दिसते. अशा टिपा आधी वाचा, अर्थ मागाहून वाचलात तरी चालेल, असं मी मुलांना सांगते.

शब्दांच्या जोड्यांसाठी माझी पसंती लाँगमनला. ‘एक्झाम’ची नोंद काढली की त्या शब्दासोबत कोणती क्रियापदं येतात ते एका ठिकाणी दिसतं: टेक, सिट, पास, फेल. आपण परीक्षा ‘देतो’, म्हणून पोरांच्या तोंडी ‘गिव्ह ॲन एक्झाम’ येतं. भारतात ते चालून जातं, पण बाहेरचा माणूस ऐकताना गोंधळेल, कारण त्याच्या कानाला परीक्षा घेणारा शिक्षक ती ‘गिव्ह’ करतो. या जोड्या व्याकरणाच्या कुठल्याच नियमातून निघत नाहीत. त्या बघूनच शिकाव्या लागतात. लाँगमनच्या साइटवर उदाहरणाची वाक्यंसुद्धा आवाजात ऐकता येतात. सुटा शब्द ऐकणं आणि तो वाक्यात ऐकणं यांत फार फरक पडतो.

उच्चाराबद्दल मी जरा आग्रहीच आहे. आपल्याला देवनागरीत उच्चार लिहून द्यायची सवय आहे आणि गाइडांमध्येही तसंच छापतात. देवनागरी आपल्या ध्वनींसाठी उत्तम आहे, पण इंग्रजीतला आघात, म्हणजे शब्दाच्या कोणत्या भागावर जोर द्यायचा ते, तिच्यात दिसत नाही. इंग्रजीच्या ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ दोन्हींना आपण ‘व’ लिहितो. ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ असं लिहून भागवलं तरी जीभ आणि ओठ काय करतात ते कळत नाही. कोशातल्या आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत हे सगळं आहे. मुलांनी घाबरू नये म्हणून मी आधी दोनच खुणा शिकवल्या. पहिली, वरच्या बाजूची छोटी उभी रेघ. ती ज्या सिलॅबलच्या, म्हणजे शब्दाच्या ज्या उच्चारभागाच्या आधी असेल, त्यावर जोर. दुसरी, उलटा छोटा ‘ई’, म्हणजे जोर नसलेला, अस्पष्ट ‘अ’. या दोन खुणांवर ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या भागावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर आणि ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर का ऐकू येतो, हे मुलांनी स्वतः शोधलं. ‘डेव्हलप’चा जोर दुसऱ्या भागावर आहे, हे बघून तर वर्गात मोठीच चर्चा झाली, कारण आजूबाजूला सगळेच पहिल्यावर देतात.

ब्रिटिश आणि अमेरिकन असे दोन्ही आवाज ऑक्सफर्ड-केंब्रिजवर असतात. कोणताही एक धरा. शब्दाच्या शेवटचा ‘आर’ आपण स्पष्ट म्हणतो, तो अमेरिकन उच्चारातही ऐकू येतो. त्यासाठी मुलांची जीभ पिळायची गरज नाही. मेरियम-वेबस्टरची मुख्य डिक्शनरी मात्र ध्वनिलिपीऐवजी स्वतःची खुणांची पद्धत वापरते. शिवाय त्यात अर्थ इतिहासाच्या क्रमाने लावलेले असतात, म्हणजे सर्वांत जुना अर्थ सर्वांत वर. ऑक्सफर्ड आणि लाँगमनमध्ये जास्त वापरातला अर्थ आधी येतो. हा फरक माहीत नसेल तर मूल पहिलाच अर्थ उचलतं आणि धड्यातलं वाक्य लागत नाही. शब्दाचा उगम बघायला मेरियम-वेबस्टर मला स्वतःला फार आवडते, पण मुलांच्या हाती मी ती उशिरा देईन.

‘रन’, ‘गेट’, ‘टेक’ अशा लांबलचक नोंदींत प्रत्येक अर्थाच्या गटावर एक छोटा मथळा असतो. फक्त मथळे चाळून आपला अर्थ गाठायचा, बाकीचं सोडून द्यायचं. केंब्रिज घाईच्या वेळी बरी: व्याख्या आटोपशीर, आणि अनेक अर्थांपुढे ए-वन (सर्वांत सोपी) ते सी-टू (सर्वांत अवघड) अशी पातळी. कॉलिन्स कोबिल्ड पूर्ण वाक्यात अर्थ सांगते. 1987 मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या जॉन सिंक्लेअर यांच्या प्रकल्पातून ती आली. ज्या मुलांना व्याख्येची भाषाच समजत नाही, त्यांना ती चटकन समजते.

शब्दाचा रंग सांगणाऱ्या खुणाही बघा. ‘चाइल्डिश’पुढे नापसंतीची खूण असते, ‘चाइल्डलाइक’पुढे नसते. मृत्यूबद्दल आपल्याकडे सर्रास म्हटलं जाणारं ‘एक्स्पायर’ तिथे साहित्यिक म्हणून नोंदलेलं आहे. ‘प्रीपोन’ मात्र भारतीय इंग्रजी अशा खुणेसह मानाने उभा आहे, आणि मला ते योग्य वाटतं. आपला शब्द आहे, वापरावा. फक्त लंडनच्या माणसाला लिहिताना खूण लक्षात ठेवावी.

इंग्रजी-मराठी कोश मी काढून टाकलेला नाही. झाडं, अवजारं, मसाले, आजार यांच्यासाठी तोच आधी. ‘टाइम’ (स्पेलिंग टी-एच-वाय-एम-ई) या सुगंधी वनस्पतीची इंग्रजी व्याख्या वाचून काहीच हाती लागत नाही. पण ‘कंटिन्युअल’ आणि ‘कंटिन्युअस’ दोन्हींपुढे ‘सतत, अखंड’ दिसलं, की पुढचं काम इंग्रजी कोशाचं. थांबत थांबत पुन्हा पुन्हा होणारं पहिलं, खंड न पडणारं दुसरं.

त्रासही सांगते. मोफत साइट्सवर जाहिराती आहेत आणि नेट कमी असलं की आवाज अडकतो. फोन हातात आला की मुलाचं लक्ष कुठे जातं ते पालकांना सांगायला नको. म्हणून नववीपर्यंत छापील प्रत, आणि फोन फक्त उच्चारासाठी, तोही माझ्यासमोर. नवी प्रत महाग वाटत असेल तर पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुनी शोधा. ऑक्सफर्डची दहावी आवृत्ती 2020 ची आहे, पण 2010 ची आठवी किंवा 2015 ची नववी मिळाली तरी खुशाल घ्या. नवे शब्द थोडे कमी असतील, ‘सी’, ‘यू’ आणि क्रियापदांचे साचे तेच आहेत. घेताना ध्वनिचिन्हांचा तक्ता असलेलं पान जागेवर आहे का, तेवढं उघडून बघा. जुन्या प्रतींत नेमकं तेच फाटलेलं असतं.